घरमालकिणीचे रीतसर खंडन

विचार सुचणं ही काही फार मोठी गोष्ट नव्हे. तो कुणालाही सुचतो. आंघोळ करताना सुचतो, रांगेत उभं असताना सुचतो, आणि दुसरा माणूस बोलत असताना तर हमखास सुचतो. पण तो विचार साफ चूक आहे असं तीन शहाण्या माणसांनी लेखी सांगितलं, की मगच त्याचं तत्त्वज्ञान होतं. ज्याला कुणी खोडून काढलेलं नाही त्याला नुसतं मत म्हणतात, आणि मतं काय, पैशाला पासरी मिळतात.

तत्त्वज्ञानेतिहास कार्यालयाने हे सत्य फार पूर्वीच ओळखलं होतं आणि ओळखल्याबरोबर त्याचा नियम करून टाकला होता. नियम क्रमांक अकरा असा: "ज्या विचारवंताच्या मताचे किमान तीन मान्यताप्राप्त विचारवंतांनी रीतसर खंडन केलेले असेल, त्याचीच स्वतंत्र नोंद इतिहासात घेण्यात यावी." आता मान्यताप्राप्त म्हणजे कोण, तर ज्याची स्वतंत्र नोंद इतिहासात आहे तो. (मग सगळ्यांत पहिल्या विचारवंताला मान्यता कुणी दिली, हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी नवखा माणूस विचारतो. पुढच्या वर्षी तो विचारत नाही.) या नियमामुळे कामाला फार शिस्त आली होती. इतिहासाचे चौदा जाडजूड ग्रंथ छापून तयार होते आणि कार्यालयातली माणसं तृप्त मनाने दुपारच्या चहाची वाट पाहत बसलेली असत.

कार्यालय होतं वजनमापे तपासणी खात्याच्या वरच्या मजल्यावर. खाली दुकानदारांची वजनं खरी की खोटी ते पाहून शिक्का मारत, वर विचारवंतांच्या बाबतीत तेच चाले. खालचे लोक तराजू वापरत, त्यामुळे त्यांना निर्णय लवकर घेता येई.

एके दिवशी वरून पत्र आलं. इतिहासात स्त्रियांचेही योगदान दिसावे, त्यासाठी पुरवणी ग्रंथ काढावा, असं त्यात लिहिलं होतं. दुसरं एखादं कार्यालय असतं तर खवळलं असतं. पण इथले अध्यक्ष मोठ्या मनाचे. बायकांविषयी त्यांना अतोनात आदर होता. बाईमाणूस खोलीत आलं की ते उठून उभे राहत, आणि ती बोलू लागली की बसत. ते म्हणाले, स्त्रियांचं योगदान आपल्या इतिहासात आहेच, कुणी मोजलं नसेल एवढंच. आणि त्यांनी ते काम बाईंकडे दिलं.

बाई म्हणजे कार्यालयातल्या साहाय्यक संपादक. कार्यालयात त्या एकट्याच बाई असल्यामुळे त्यांना सगळे बाई म्हणत आणि कधी घोटाळा होत नसे. चौदा ग्रंथांतल्या जवळजवळ प्रत्येक नोंदीचा कच्चा मसुदा त्यांच्या हातचा होता. कच्चा मसुदा म्हणजे ज्यात पुढे काही बदलत नाही तो. त्यावर सही झाली की त्याला पक्का म्हणत.

बाईंनी मोजलं. चौदा ग्रंथांत स्त्रियांचे एकूण एक्केचाळीस उल्लेख निघाले. त्यांत सतरा आया (पैकी नऊ बाळंतपणातच वारलेल्या, म्हणजे योगदान देऊन लगेच मोकळ्या झालेल्या), बारा बायका (पैकी सात "सोशिक" आणि पाच "कजाग", तिसरा प्रकार नाही), सहा घरमालकिणी, तीन राण्या, "अन्य" या सदरात दोन, आणि एक घोडी. या घोडीवरून पडल्यामुळे एका विचारवंताला कार्यकारणभावाचा सिद्धान्त सुचला होता. एक्केचाळिसांत नावानिशी उल्लेख तिचा एकटीचाच होता.

मग या एक्केचाळीसजणींना नियम अकरा लावून पाहण्यात आला. आयांचं खंडन कुणी केलेलं नव्हतं. बायकांचं खंडन घरोघर होत असलं तरी ते रीतसर म्हणता येत नव्हतं. घोडीच्या बाबतीत मात्र चित्र वेगळं होतं. तो विचारवंत घोडीमुळे पडलाच नव्हता, तो मुळात प्यालेला होता, असं प्रतिपादन तीन मान्यताप्राप्त विचारवंतांनी तीन वेगवेगळ्या शतकांत केलेलं होतं. म्हणजे घोडी नियमात चपखल बसत होती. अध्यक्षांनी पुरवणी ग्रंथात तिची स्वतंत्र नोंद घेण्याचं ठरवून तसं वर कळवलं. वरून उत्तर आलं, की उपक्रम स्तुत्य आहे, तथापि शक्यतो मनुष्यप्राणी असावा.

इथे बाईंनी तोंड उघडलं. त्या सहा घरमालकिणींपैकी एक त्यांच्या ओळखीची होती.

ओळखीची म्हणजे ती जाऊन तीनशे वर्षं झाली होती. पाचव्या ग्रंथातले महातत्त्वज्ञ, ज्यांची नोंद बासष्ट पानांची आहे, ते तिच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहत. त्यांचा जगप्रसिद्ध सिद्धान्त असा, की दिसणं म्हणजेच असणं. ज्याकडे कुणी पाहत नाही ते नसतंच. आपण खोलीबाहेर पडलो की खोली नाहीशी होते आणि परत येऊन दार उघडलं की पुन्हा उत्पन्न होते. हा सिद्धान्त त्यांनी तिच्या खिडकीशी बसून, तिच्या टेबलावर लिहिला. लिहून झालं की ते फिरायला जात, आणि जाताना दाराला कुलूप लावत.

ते कुलूप तिने पाहिलं. मग ती स्वतःच्या स्वयंपाकघरात बसली आणि तिने 'भाडेकरू बाहेर गेल्यावर' नावाचं छोटंसं पुस्तक लिहिलं. त्याचं पहिलंच वाक्य होतं, "जी खोली उरणारच नाही तिला हा माणूस कुलूप कशाला लावतो?" पुढे तिने लिहिलं होतं, की भाडेकरू दोन महिने गावाला गेला. मागे छप्पर गळलं ते मी शाकारून घेतलं. वाळवी लागली ती काढली. शेजारी भिंत पुढे सरकवत होता त्याच्याशी भांडले. भाडेकरू परत आला, त्याने दार उघडलं, खोली जशीच्या तशी पाहिली आणि म्हणाला, पाहा, मी पाहिलं म्हणून उत्पन्न झाली. इथून एकेक पायरी चढत ती शेवटी एका वाक्यावर आली होती: "वस्तू दिसते म्हणून असत नाही. कुणीतरी ती राखतं म्हणून असते." आणि मग घर झालं, गाव झालं, कायदा झाला, आठवण झाली, एकेकाला हे वाक्य लावून पाहत तिने नव्वद पानं भरली होती.

बाईंना हे पुस्तक एका जुन्या वाचनालयात पार मागच्या कपाटात सापडलं, तेव्हा ते वाचून झाल्यावर त्या दारापर्यंत जाऊन परत आल्या आणि त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. इतकी वर्षं तत्त्वज्ञानात काढून आपल्याशी कुणी बोलतंय असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. त्यांना रडू आलं. (वाचनालयात रडायला मनाई नसते, पुस्तक ओलं करायला असते, म्हणून त्यांनी ते जरा लांब धरलं.) त्या घरमालकिणीचा त्यांना लळा लागला होता. पुरवणीत तिची नोंद व्हावी, तिच्या नावाने, तिच्या स्वतःच्या पानावर, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. पगारवाढ त्यांनी मागितली असती तर ती कदाचित अधिक सोपी गेली असती.

सभा भरली. अध्यक्षांखेरीज सभेला तिघे सदस्य असत आणि तिघेही मान्यताप्राप्त होते. पहिले शंकासूर. त्यांना स्वतःची नेमणूक सोडली तर जगातल्या प्रत्येक गोष्टीची शंका येई. दुसरे मौनी. मौन हा त्यांचा विषय आणि त्यावर ते सलग दोन तास बोलत. तिसऱ्यांना सगळे दोन्हीकडचे म्हणत, कारण कुठल्याही वादात त्यांना दोन्ही बाजू पटत आणि घरी जायच्या वेळेला तिसरीही पटे. या तिघांच्या नोंदी चौदाव्या ग्रंथात आहेत. त्या नोंदींवर निर्णय झाला तेव्हा संकेताप्रमाणे तिघेही खोलीबाहेर जाऊन उभे राहिले होते. (दार उघडं ठेवलं होतं, कारण उकडत होतं.)

बाईंनी पुस्तकाची हकिगत सांगितली. सभेने ती सहानुभूतीने ऐकली. अध्यक्ष म्हणाले, पुस्तक फारच चांगलं दिसतंय, तर याचं खंडन कुणी कुणी केलंय तेवढं सांगा. बाई म्हणाल्या, कुणीच नाही, कुणाला ते करता आलं नाही.

"अरेरे," अध्यक्ष म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं.

महातत्त्वज्ञांनी तरी काही उत्तर दिलं असेल, असं दोन्हीकडच्यांनी विचारून पाहिलं. बाईंनी सांगितलं, की पुस्तक वाचल्यावर महातत्त्वज्ञांनी काही एक न बोलता ट्रंक भरली आणि दुसऱ्या गल्लीत खोली घेतली. यावर बराच खल झाला. खोली बदलणे हे खंडन समजावे काय? शंकासूर म्हणाले, ते खोलीत ढेकूण झाले म्हणूनही गेले असतील. मौनी म्हणाले, न बोलता जाणं हे बोलण्यापेक्षा मोठं असतं, आणि ते मोठं कसं असतं ते चहा गार होईपर्यंत समजावून सांगितलं. शेवटी मधला मार्ग निघाला. खोली बदलणे हे अर्धे खंडन समजण्यात यावे, आणि उरलेली अडीच बाईंनी शोधून आणावीत.

बाई शोधायला लागल्या. पुस्तकाच्या ज्या काही प्रती जिथे कुठे शिल्लक होत्या तिथे त्या गेल्या. पुस्तक लोकांनी वाचलं होतं यात शंका नव्हती, कारण प्रतींच्या पानापानावर समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं: "खरे". "अगदी खरे". "हेच माझ्या आईचेही म्हणणे". एकाने तर "हे मी लिहायला हवे होते" असं लिहिलं होतं, आणि पुढे त्याने ते लिहिलंही. आठव्या ग्रंथात त्याची नोंद आहे, राखणवादाचा जनक म्हणून. असे चारपाच तरी निघाले. ज्यांना पुस्तक नुसतं आवडलं त्यांनी मान डोलावली आणि पान उलटलं. ज्यांना फार आवडलं त्यांनी ते आपलंच म्हणून लिहून काढलं, आणि स्वतःच्याच मताचं खंडन करत बसायला कुणाला वेळ असतो! तीनशे वर्षांत त्या घरमालकिणीला एकही विरोधक भेटला नव्हता. इतकं वाईट नशीब फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

घरी बाईंची नणंद आली होती. ती वकील होती आणि स्वतःच्या घरी नवऱ्याच्या फुलझाडांमुळे जागा नसल्याने तिचे जुन्या खटल्यांचे गठ्ठे भावाच्या माळ्यावर असत. गठ्ठा काढून झाल्यावर ती स्टुलावरच बसली आणि बाई कपड्यांच्या घड्या घालत सगळं सांगत राहिल्या. नणंदेने मध्ये एकदाही टोकलं नाही, यावरून तिला काहीतरी सुचलं आहे हे बाईंना समजलं.

"वहिनी, तू चुकीच्या ठिकाणी शोधतेयस," ती म्हणाली. "आमच्याकडे समोरचा पक्ष वकील देईना, तर कोर्ट वकील नेमून देतं. खटला चालायचा तर विरोधात कुणीतरी उभं राहायलाच हवं. तुझ्याकडे तीन मान्यताप्राप्त रिकामे बसलेत की."

बाईंना हे पटलं. पटलेल्या गोष्टींनी आजवर काय दिवे लावले होते ते डोळ्यांपुढे असूनही पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिन्ही सदस्यांना विनंती केली, की कृपा करून या पुस्तकाचं खंडन करावं. तिघांनीही आनंदाने होकार दिला. एका स्त्रीसाठी आपण एवढं तरी केलं पाहिजे, असं तिघेही म्हणाले. मात्र खंडन करायचं तर पुस्तक वाचावं लागणार होतं. शंकासुरांना ते अस्सल असल्याची शंका होती, मौनींचा मौनावरचा दौरा ठरलेला होता, आणि दोन्हीकडच्यांनी पाच पानं वाचली ती त्यांना पटली, त्यामुळे आपण पुढे वाचणं आता धोक्याचं आहे असं ते प्रामाणिकपणे म्हणाले. तेव्हा नेहमीच्या पद्धतीप्रमाणे कच्चा मसुदा बाईंनी करावा आणि सही आम्ही करू, असं एकमताने ठरलं.

अशा रीतीने, ज्या पुस्तकावर आपला जीव होता ते खोडून काढायला बाई बसल्या.

त्यांना ते वरवर करता आलं असतं. कसलीही तीन खंडनं चालली असती, कारण ती कुणी तपासणार नव्हतं. पण खोटं खंडन करायचं म्हणजे त्या घरमालकिणीला पुन्हा एकदा फसवायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं. ती स्वतः कुणाला असं ढिलं सोडत नव्हती. म्हणून बाईंनी तिच्या प्रत्येक वाक्यावर मनापासून हल्ला केला. शंकासुरांसाठी त्यांनी लिहिलं, की कुलूप लावणं ही सवय आहे आणि सवय म्हणजे श्रद्धा नव्हे. बंद पडलेल्या घड्याळाकडेही माणूस येता-जाता पाहतोच. दोन्हीकडच्यांसाठी लिहिलं, की राखणारा जे राखतो त्याकडे त्याला पाहावंच लागतं. म्हणजे राखणं हा पाहण्याचाच एक प्रकार झाला, आणि मालकीण व भाडेकरू नकळत एकच गोष्ट बोलत होते. हे दुसरं लिहून झाल्यावर बाई थोडा वेळ खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली वजनांवर शिक्के मारायचं काम चाललं होतं.

तिसरं मौनींसाठी होतं आणि ते त्यांना एकाएकी सुचलं. वस्तू कुणीतरी राखतं म्हणून असते, ठीक. मग त्या राखणाऱ्याला कोण राखतं? जिला कुणीच राखलं नाही अशी राखणारी होती तरी कशी? बाईंनी हे कागदावर लिहिलं आणि पुन्हा वाचून पाहिलं. हे खंडन खरोखरच पक्कं होतं. त्यातून ती घरमालकीण सुटत नव्हती. तीनशे वर्षं जे कुणाला जमलं नाही ते आपण करून बसलो, आणि तेही मौनींसाठी, याचं त्यांना भयंकर दुःख झालं. त्या दिवशी त्या जेवल्याही नाहीत.

दोन दिवसांनी उत्तर मिळालं. मिळालं म्हणजे ते समोरच होतं. राखणाऱ्याला पुढचा राखणारा राखतो. मी हे पुस्तक कपाटातून काढलं, त्याआधी कुणीतरी ते वाळवीपासून वाचवून कपाटात ठेवलं. ही साखळी जिथे तुटते तिथे वस्तू नाहीशी होते, आणि ती तशी होते हेच तर घरमालकिणीचं म्हणणं! खंडनातूनच सिद्धान्त अधिक भक्कम होऊन बाहेर येत होता. बाईंनी ते उत्तर एका बैठकीत लिहून काढलं आणि लिहिताना इतक्या मोठ्याने हसल्या की दोन्हीकडचे काय झालं ते पाहायला आले. तो बाईंच्या नोकरीतला सगळ्यांत चांगला दिवस होता.

सभा पुन्हा भरली. तिन्ही खंडनं ज्यांची त्यांनी वाचून दाखवली. वाचता वाचता शंकासुरांचा आवाज चढत गेला. दोन्हीकडच्यांना आयुष्यात पहिल्यांदा एकच बाजू पटत होती आणि ती त्यांचीच होती. मौनींनी तर शेवटचा प्रश्न वाचला आणि ते खरोखर गप्प झाले. अध्यक्षांनी डोळे पुसले. आपल्या कार्यालयात एवढी उंची गाठली जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं. अर्धं अधिक तीन मिळून साडेतीन खंडनं भरली. जास्तीचं अर्धं पुढच्या एखाद्या स्त्रीसाठी शिलकीत ठेवावं असा ठराव तिथेच मंजूर झाला.

आता नोंद लिहायची. बाईंनी कागद पुढे ओढला. तेवढ्यात शंकासुरांना शंका आली. ते म्हणाले, या घरमालकिणीचं इतकं संपूर्ण खंडन झाल्यावर तिच्यात नोंद घेण्यासारखं उरलं काय? कुलूप गेलं, राखणं गेलं, शेवटच्या प्रश्नाने तर ती स्वतःच गेली. जे उरलंच नाही त्याला स्वतंत्र पान देणं शास्त्राला धरून होईल काय? सभेला यात तथ्य वाटलं. उलट ही तीन खंडनं मात्र तत्त्वज्ञानात मोलाची भर आहेत, आणि ती एका स्त्रीमुळे शक्य झाली, म्हणजे स्त्रियांच्या योगदानाचा याहून चांगला नमुना कोणता? पुरवणी ग्रंथात तिन्ही सदस्यांच्या विस्तारित नोंदी घ्याव्यात, असं ठरलं. घरमालकिणीचा उल्लेख त्यांत कंसात येईल. (असे कंस फार उपयोगी असतात.)

"ही तिन्ही खंडनं मी लिहिली आहेत," बाई म्हणाल्या.

"ते आम्हांला ठाऊक आहे की," अध्यक्ष प्रेमाने म्हणाले. "मसुदे तुम्हीच करता, बाई. तुमचं अक्षरही किती छान आहे."

"आणि तिसरं चूक आहे. राखणाऱ्याला कोण राखतं, याला उत्तर आहे. मी ते लिहून आणलंय."

मौनी दुखावले. ते खंडन त्यांनी स्वतः अर्ध्या तासापूर्वीच पहिल्यांदा ऐकलं होतं, पण तेवढ्यात त्यांचा त्याच्यावर जीव जडला होता. अध्यक्षांनी नियमांचं पुस्तक उघडलं आणि बराच वेळ वाचलं. बाईंना न्याय द्यायचाच असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"पाहा बाई," ते म्हणाले, "घरमालकीण वारलेली आहे. मयत व्यक्तीने उत्तर देण्याची तरतूद नाही. तुम्ही दिलंत तर ते मौनींचं खंडन होईल. तुम्ही मान्यताप्राप्त नसल्यामुळे ते धरता येणार नाही. आणि समजा, तुमच्यासाठी म्हणून धरलं, तर मौनींची नोंद आणखीच पक्की होईल. तुमचं त्यात नुकसानच आहे हो. मी तुमच्या भल्यासाठी सांगतो."

बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. "मला फक्त तिचं एक पान हवं होतं," त्या म्हणाल्या. आणि त्या उठल्या. अध्यक्ष लगेच उठून उभे राहिले, आणि त्या आणखी काही बोलतील असं वाटल्यावर बसले. पण त्या आपला कागद उचलून बाहेर पडल्या.

पुरवणी ग्रंथ निघाला. 'तत्त्वज्ञानाच्या इतिहासातील स्त्रियांचे योगदान' असं त्याचं नाव, आणि मुखपृष्ठावर तिन्ही सदस्यांची छायाचित्रं. वरून अभिनंदनाचं पत्र आलं. प्रकाशनाच्या समारंभात व्यासपीठावर एकही स्त्री नव्हती असं जे कुणी म्हणतात ते खोटं आहे. पुष्पगुच्छ बाईंनीच आणून दिले.

बाईंनी नोकरी सोडली नाही. पण घरमालकिणीचं पुस्तक आणि त्याला जोडून आपलं उत्तर, असं एक छोटं पुस्तक त्यांनी स्वतः छापून घेतलं. त्यावर दोघींची नावं होती. छापायला देण्यापूर्वी नणंदेने हस्तलिखित वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "वहिनी, सगळं चोख झालंय आणि मला त्याचीच भीती वाटते. लोकांना पटेल असं लिहू नकोस गं. थोडं तरी कुणाला चिडू दे." बाईंनी त्या रविवारी प्रयत्न करून पाहिला, पण न पटण्यासारखं लिहिणं त्यांना काही साधलं नाही.

पुस्तक बऱ्याच लोकांनी वाचलं. वाचणाऱ्या प्रत्येकाला ते पटलं. बायकांवर अन्याय झाला हेही पटलं, राखणाऱ्याला पुढचा राखणारा राखतो हेही पटलं. अनेकांचे डोळे पाणावले. कुणी वाद घातला नाही, कुणी उलट लिहिलं नाही, कार्यालयाला जाब विचारणारं एक पत्रही कुणी टाकलं नाही, कारण जे आपल्याला पूर्ण पटलेलं आहे त्यासाठी आणखी काही करायचं कशाला? त्यामुळे कार्यालयाच्या दप्तरी आज बाईंची परिस्थिती घरमालकिणीसारखीच आहे. खंडनं शून्य. नियम अकरानुसार त्या दोघीही अजून झालेल्या नाहीत.

एवढं वाचल्यावर सुज्ञ वाचकांनाही हे सगळं पटलंच असेल. मधूनमधून त्यांनी मान डोलावली असेल, अध्यक्षांचा त्यांना रागही आला असेल, आणि आपण त्या खोलीत असतो तर गप्प बसलो नसतो असं वाटून मन कसं स्वच्छ झालं असेल. कार्यालय अशा वाचकांचं मनःपूर्वक आभारी आहे. त्यांच्या भरवशावरच ते तीनशे वर्षं चाललेलं आहे. आता पान उलटायला हरकत नाही, पुढची कार्यवाही तेवढ्याने आपोआप पूर्ण होते.